मल्लांचा मल्ल : हरिश्चंद्र बिराजदार आणि मान्यतेचा प्रश्न

खेळाडूची कीर्ती दोन ठिकाणी नांदत असते. एक प्रेक्षकांत, वर्तमानपत्रांत, पुरस्कारांच्या याद्यांत आणि चौकातल्या फलकांवर; दुसरी त्याच्याशी आणि त्याच्याबरोबर खेळलेल्या माणसांच्या मनात. पहिली सर्वांना दिसते, आकड्यांत मांडता येते आणि पुष्कळदा लवकर विसरलीही जाते. दुसरीची नोंद बहुधा कुठेच नसते. ती तालमीच्या कट्ट्यावर, यात्रेच्या फडात, लग्नाच्या मांडवात भेटलेल्या जुन्या जोडीदारांच्या बोलण्यात असते आणि ती माणसे गेली की तीही जाते. या दोन कीर्तींची मापे जुळतातच असे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी कीर्ती आहे. तिचे उदाहरण म्हणून लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांचा विचार येथे करावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांसमोर कुस्तीचा विषय कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. तूर्त एवढेच म्हणतो की 'कोणाच्या मान्यतेला किंमत द्यायची' हा प्रश्न आपल्या वाङ्मयव्यवहारातही रोजचा आहे, आणि आखाड्याने त्याचे दिलेले उत्तर आपल्या उत्तरापेक्षा अधिक कसोटीला उतरलेले आहे.

प्रथम बिराजदारांच्या कारकिर्दीचा ठळक आलेख पाहू. त्यांचा जन्म १९५० सालचा. म्हणजे निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त होऊन दोन वर्षेही झालेली नव्हती तेव्हाचा. लातूर हा त्या वेळी स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला. या मुलखात कुस्तीची आवड जुनीच. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांच्या फडावाचून ती पुरी होत नाही. परंतु आवड असणे वेगळे आणि विद्येची सोय असणे वेगळे. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय आणि १९१२ साली बांधून पुरे केलेले खासबाग मैदान यांमुळे कोल्हापूर हे कुस्तीचे विद्यापीठ झाले होते. मराठवाड्यातल्या होतकरू पोराला विद्या हवी असेल तर तिकडेच जावे लागे. बिराजदारही कोल्हापुरास गेले आणि गंगावेश तालमीत घडले. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढल्याच वर्षी, वयाच्या विशीत, एडिनबर्ग येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९७७ मध्ये बंगळूरला त्यांनी दिल्लीच्या सत्पाल यांना हरवले. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबर २०११ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते वारले.

आलेख संपला. कोणत्याही क्रीडाकोशात याहून फार अधिक मजकूर बसणार नाही. मात्र कुस्तीच्या जगात बिराजदारांचे नाव ज्या स्वरात घेतले जाते त्या स्वराचा उलगडा या यादीने होत नाही. सुवर्णपदक मिळवणारे पुष्कळ झाले. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून, औरंगाबादच्या पहिल्या अधिवेशनापासून, कितीतरी जणांच्या खांद्यावर आली आणि त्यांतली बरीचशी नावे आज यादी समोर ठेवल्यावाचून आठवत नाहीत. बिराजदारांचे नाव आठवण्यासाठी कुस्तीगिराला यादी लागत नाही. असे का व्हावे?

हा भेद कुस्तीपुरता किंवा आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना दरवर्षी उत्तम खेळाडू निवडत असे. १९७४ साली व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने खेळाडूंनीच मते देऊन सहखेळाडू निवडावा असा स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. त्या पहिल्याच वर्षी पत्रकारांनी लिव्हरपूलच्या इयन कॅलहन यांना निवडले आणि खेळाडूंनी लीड्सच्या नॉर्मन हंटर यांना. हंटर हे बचावफळीतले, अंगावर येऊन चेंडू काढून घेणारे खेळाडू. गोल करणाऱ्याचे कौतुक गॅलरीतून करता येते. हंटरचे मोल त्याच्यासमोर चेंडू घेऊन जाण्याची पाळी ज्यांच्यावर आली त्यांनाच नेमके ठाऊक होते. पुढे १९९४ साली बल्गेरियाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेणाऱ्या ह्रिस्तो स्टॉइचकोव्हला युरोपातल्या पत्रकारांनी सोनेरी चेंडू दिला. राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकांच्या मतांनी दिला जाणारा जागतिक मान मात्र त्याच वर्षी त्याच्याच बार्सिलोना संघातल्या रोमारिओकडे गेला आणि स्टॉइचकोव्ह दुसरा आला. रोमारिओ ब्राझीलचा असल्याने पहिल्या पुरस्काराला तो पात्रच नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. पण तेही बोलके आहे. मान्यतेच्या प्रत्येक संस्थेला स्वतःचे कुंपण असते, आणि कोण कुंपणात बसतो हे गुणाआधी ठरते. ज्याला रोज सरावात या दोघांशी खेळावे लागे त्या तिसऱ्या माणसाला मात्र असले कोणतेच कुंपण आड येत नव्हते.

आखाड्यात तर मूल्यमापनाची एक रीतसर पद्धतच आहे, आणि तिच्याकडे आपण समीक्षेच्या दृष्टीने कधी पाहिलेले नाही. ती म्हणजे जोड लावणे. यात्रेच्या फडात कोणाची कुस्ती कोणाशी धरायची हे ठरवणारी चार जाणती माणसे असतात. बहुधा जुने पैलवान. पोरगा लंगोट लावून समोर येतो. ही माणसे त्याचे खांदे, मान, मांड्या न्याहाळतात, कोणत्या तालमीचा आहे ते विचारतात, गेल्या यात्रेत कोणाशी लढला ते आठवतात आणि मग गर्दीतून दुसरा पोरगा पुढे ओढतात. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हा व्यवहार चालू असतो. जोड चुकली तर दोन क्षणांत कुस्ती संपते आणि लोक जोड लावणाऱ्यांनाच नावे ठेवतात. जोड बरोबर लागली तर खडाखडीपासूनच मैदान गप्प होते. हे तौलनिक मूल्यमापनच आहे. फरक एवढाच की आखाड्यात समीक्षकाचा निर्णय लगेच तपासला जातो, सर्वांसमक्ष तपासला जातो आणि चुकला तर त्याचा मान कमी होतो. आपल्या समीक्षेत चुकलेली जोड वीस वर्षे तशीच चालू राहते आणि जोड लावणाऱ्याचे काही बिघडत नाही.

आता बिराजदारांकडे पुन्हा वळू. सहमल्लांतला त्यांचा मान तीन ठिकाणी पाहता येतो: प्रतिस्पर्ध्यात, शिष्यात आणि खुद्द आखाड्याच्या वागण्यात.

प्रतिस्पर्ध्याची गोष्ट प्रथम. सत्पाल हे दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचे मल्ल आणि सत्तरच्या दशकात देशभर दरारा असलेले नाव. महाराष्ट्राच्या मल्लांसाठी सत्पाल हा एक प्रश्नच होता. १९७६ मध्ये कोल्हापुरात युवराज पाटील यांनी त्यांना हरवले आणि पुढल्या वर्षी बंगळूरला बिराजदारांनी. या कुस्त्यांच्या आठवणी मराठी मुलखात आजही उत्तर विरुद्ध दक्षिण अशा अभिमानाच्या सुरात सांगितल्या जातात. तो अभिमान समजण्यासारखा आहे. तथापि मला महत्त्वाची वाटते ती पुढली गोष्ट. सत्पाल त्या पराभवाने संपले नाहीत. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर छत्रसाल स्टेडियममध्ये त्यांनी जी शाळा उभी केली तिच्यातून सुशील कुमार आणि योगेश्वर दत्त असे ऑलिंपिक पदकविजेते मल्ल निघाले. म्हणजे १९७७ च्या त्या कुस्तीचे मोल त्या दिवशी पुरते ठरलेच नव्हते. हरलेला माणूस पुढे जसजसा मोठा होत गेला तसतसे जिंकणाऱ्याचे त्या दिवसाचे काम अधिकाधिक कळत गेले. बक्षिसाची रक्कम आणि टाळ्या त्याच संध्याकाळी मोजून झाल्या होत्या. प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या आयुष्याने केलेली मोजणी पुढे तीस-चाळीस वर्षे चालू राहिली. मित्राने केलेल्या स्तुतीला आखाड्यात फारसे वजन नसते. ज्याला पाठ लावावी लागली त्याची साक्ष मात्र जपून ठेवतात, कारण ती फुकट मिळालेली नसते.

शिष्याची गोष्ट अधिक हृद्य आहे. निवृत्त मल्लापुढे साधारण दोन वाटा असतात. मिळालेल्या नावावर फेटे बांधून घेत मैदाने फिरावीत, किंवा पहाटे चारला उठून दुसऱ्यांच्या पोरांना जोर-बैठका मोजून द्याव्यात. बिराजदारांनी दुसरी वाट धरली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून आलेला राहुल आवारे हा पोरगा गोकुळ वस्ताद तालमीत त्यांच्या हाताखाली तयार झाला. बिराजदार गेले तेव्हा राहुल विशीत होता, आणि त्याचे मोठे यश अजून पुढे होते. त्यानंतर लातूर जिल्ह्याचेच अर्जुन पुरस्कारविजेते मल्ल काका पवार यांनी त्याला पुण्यात कात्रजच्या आपल्या संकुलात पुढे नेले. वाट सरळ नव्हती. निवडीच्या राजकारणातून २०१६ च्या ऑलिंपिकची त्याची संधी हुकली. अखेर एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळवले आणि ते आपल्या दिवंगत गुरूला, हरिश्चंद्र बिराजदारांना, अर्पण केले. पुढल्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदकही मिळाले.

या अर्पणपत्रिकेचा अर्थ नीट लावला पाहिजे. गुरू जाऊन साडेसहा वर्षे झाली होती. त्याच्याकडून काही मिळण्याची शक्यता उरलेली नव्हती. क्रीडासंघटनेत त्याच्या नावाला आता मत नव्हते. ज्याला ४८ वर्षांपूर्वी राष्ट्रकुलाचे सुवर्णपदक मिळाले होते, त्याच्या शिष्याने त्याच स्पर्धेतले तेच पदक त्याच्या नावाने उचलले. साहित्यात आपण परंपरा हा शब्द फार सैलपणे वापरतो. कोण कोणानंतर आला, कोणाचा प्रभाव कोणावर पडला, अशा याद्या आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. परंपरा म्हणजे काय हे समजावून सांगायचे तर मला १९७० चे एडिनबर्ग आणि २०१८ चे गोल्ड कोस्ट यांच्यामधला हा धागा अधिक उपयोगी वाटतो. एकाने दिलेले दुसऱ्याच्या अंगात मुरते, दुसऱ्याच्या हालचालीतून दिसते, आणि तो कोणी न विचारता देणाऱ्याचे नाव घेतो.

तिसरी गोष्ट आखाड्याच्या वागण्याची. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि लातूर जिल्ह्याचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच संकुलात रोज एकमेकांशी जोर करणारे. सदगीर जिंकला आणि त्याने पराभूत शेळकेला आपल्या खांद्यावर उचलून घेतले. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले आणि खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून त्याचे कौतुक केले. कौतुक योग्यच, पण त्यात औदार्यापेक्षा ज्ञान अधिक आहे असे मला वाटते. शेळके काय ताकदीचा मल्ल आहे हे हजारो प्रेक्षकांपेक्षा सदगीरला अधिक नेमके माहीत होते, कारण त्याचे वजन त्याने रोज अंगावर घेतले होते. ज्याला खांद्यावर घेतले त्याचे मोल त्या कृतीने जाहीर झाले. गुणफलकावर एक-दोन गुणांचा फरक दिसत होता. तो फरक म्हणजे दोघांमधले अंतर नव्हे, हे सांगायला विजेत्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण असणार?

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. सहखेळाडूंची मान्यता इतकी निर्मळ असते काय? तालमीतालमींची वैरे, वस्तादांचे हट्ट, जिल्ह्याजिल्ह्यांचे अभिमान या गोष्टी कुस्तीत कमी नाहीत. आपल्या तालमीचा तो भला, परक्या तालमीचा तो नशिबाने जिंकला, असे म्हणणारे तेथेही भेटतात. त्याहून मोठा दोष असा की सहखेळाडूंचे जग ज्यांना आत घेते त्यांचाच न्याय करते. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली विजेती ठरली. मधल्या बासष्ट वर्षांत आखाड्याच्या जाणत्या नजरेला निम्मा समाज दिसतच नव्हता. तेव्हा समव्यावसायिकांची मान्यता हाच अंतिम निकष, असे मी म्हणणार नाही. तिला बाहेरच्या निकषांचा आधार आणि धाक दोन्ही हवेत. खाशाबा जाधवांच्या बाबतीत तर आखाड्याबाहेरचाच माणूस उपयोगी पडला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ते मल्ल नव्हते, शिक्षक होते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. देशाने अर्जुन पुरस्कार दिला तो १९८४ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आखाड्याने या दोषावर एक उतारा मात्र शोधून ठेवला आहे, आणि तो एका शब्दात आहे: नुरा कुस्ती. दोघांनी आधी ठरवून, एकमेकांना सांभाळून, प्रेक्षकांना भुलवण्यापुरती केलेली लढत. सामान्य प्रेक्षकाला ती कळतेच असे नाही. डाव पडतात, शड्डू ठोकले जातात, धूळ उडते, टाळ्याही मिळतात. जाणता मल्ल मात्र पकडीकडे पाहून ओळखतो की हाताला जोर नाही. नुरा कुस्ती करणाऱ्याला इनाम मिळते, पण कट्ट्यावर त्याचे नाव निघाले की माणसे विषय बदलतात. आपल्या वाङ्मयव्यवहारात प्रकाशन समारंभातली भाषणे, एकमेकांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना, पाठीवर छापलेले अभिप्राय यांतला केवढा भाग नुरा कुस्तीचा असतो हे आपण सर्व जाणतो. आखाड्याजवळ या गोष्टीला नाव आहे. आपल्याजवळ तेवढे रोखठोक नाव नाही, आणि ज्या दोषाला नाव नसते तो शिष्टाचार म्हणून खपून जातो.

नांदेडच्या वाचकाला येथे नरहर कुरुंदकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८२ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच ते गेले. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला त्यांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे. प्रस्तावना हा आपल्याकडे बहुधा हारतुऱ्यांचा प्रकार. कुरुंदकरांनी तेथे शिवचरित्राची आणि कादंबरीपुढच्या अडचणींची अशी झाडाझडती घेतली की लेखकाशी त्यांची ती खुली कुस्तीच म्हणावी. देसाई यांनी ती पुस्तकाच्या अग्रभागी छापली, हा त्यांचाही मोठेपणा. अशा लेखनाला वजन येते ते लिहिणाऱ्याने विषय स्वतः अंगावर घेतलेला असतो म्हणून. समीक्षकाने कादंबरी लिहिली पाहिजे असा याचा अर्थ नाही. तसे असते तर चांगले समीक्षक मोजकेच उरले असते. कृतीचे वजन त्याने अंगावर घेतलेले असले पाहिजे, एवढाच अर्थ. अनुवाद करणारा ते घेतो, वर्षानुवर्षे एखादी संहिता वर्गात शिकवणारा प्रामाणिक शिक्षक घेतो, आणि एखादी कविता वाचल्यानंतर आपली स्वतःची पूर्वीसारखी लिहिणे ज्याला अशक्य झाले तो कवी घेतो.

अरुण कोलटकरांचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा मराठी संग्रह १९७७ मध्ये आला. बंगळूरची ती कुस्तीही त्याच वर्षीची. लघुनियतकालिकांच्या वर्तुळातल्या कवींना कोलटकर कोण आहेत हे त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या 'भिजकी वही'ला मिळाला तो २००५ सालचा, म्हणजे ते गेल्यानंतरचा. संस्था उशिरा पोचली, सहकवी वेळेवर पोचले होते. आणि संस्थेची नोंद आज एका ओळीत मिळते, सहकवींच्या मान्यतेचा इतिहास मात्र आपल्याला विखुरलेल्या आठवणींतून गोळा करावा लागतो. म्हणूनच माझी तक्रार पुरस्कारांविरुद्ध नाही. तक्रार अशी की आपण वाङ्मयेतिहास लिहितो तो जवळजवळ सगळा पहिल्या कीर्तीचा: पुस्तके, आवृत्त्या, अध्यक्षपदे, पारितोषिके. दुसऱ्या कीर्तीचा इतिहास लिहिण्याची पद्धतच आपण तयार केलेली नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने ही उणीव अधिक जाचक आहे. बिराजदारांना विद्येसाठी कोल्हापूर गाठावे लागले आणि विद्यादानासाठी पुणे. राहुल आवारे पाटोद्याहून पुण्यालाच गेला. आपल्या लिहित्या मुलांचीही वाट साधारण हीच आहे. प्रकाशक तिकडे, मासिके तिकडे, मान्यताही तिकडचीच. यावर गाऱ्हाणे करण्याची आपल्याला सवय झाली आहे. कुस्तीतल्या माणसांनी गाऱ्हाण्यापलीकडचे एक काम केले. लातूरचे वस्ताद पुण्यात बसले तरी त्यांच्या तालमीची दारे मराठवाड्याच्या पोरांना उघडी राहिली. पाटोद्याचा मुलगा मुदगडच्या वस्तादाकडे आणि मग लातूरच्याच दुसऱ्या वस्तादाकडे गेला, हा योगायोग नाही. केंद्र दूर असले तरी केंद्रात आपला माणूस आहे आणि तो आपल्याला फुकटची शाबासकी देणार नाही, ही खात्री त्यामागे होती. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईस जाऊन नामवंत झालेल्या लेखकांनी किती नवोदितांसाठी असे केले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता एक सूचना. हरिश्चंद्र बिराजदारांशी लढलेली, त्यांच्याबरोबर जोर केलेली, त्यांची मैदाने डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. दादू चौगुले २०१९ मध्ये गेले. १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारा, त्याच पिढीचा तो मोठा मल्ल. या माणसांजवळ जे आहे ते कोणत्याही कात्रणवहीत नाही. आणि ते केवळ आठवणींच्या स्वरूपातच आहे असेही नाही. ते भाषेच्या स्वरूपातही आहे. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकलंगी, लपेट, पुठ्ठी हे शब्द शब्दकोशात सापडतील, पण कोणाचा घिस्सा कसा बसे आणि एकाच्या टांगेत नि दुसऱ्याच्या टांगेत काय भेद होता, हे सांगणारी बारीक, नेमकी, विशेषणांची उधळण न करणारी मराठी फक्त त्यांच्या जिभेवर आहे. समीक्षेची परिभाषा शिकवताना आपण संस्कृत आणि इंग्रजी यांच्या दारात उभे राहतो. कृतीचे वर्णन आणि मूल्यमापन एकाच वाक्यात करणारी एक देशी परिभाषा आपल्याच गावच्या पारावर बसलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष नाही.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ मध्ये झाली. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. मराठी विभागांतून दरवर्षी किती प्रबंधिका लिहिल्या जातात आणि त्यांतल्या कितींचे विषय एकमेकांची नक्कल असतात, हे शिक्षकांना माहीत आहे. एका विद्यार्थ्याने एका वस्तादाचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, ते जसेच्या तसे उतरवावे, त्यातले शब्द आणि निवाडे नोंदवावेत, एवढा साधा उपक्रम निलंगा, औसा, उदगीर, देगलूर, लोहा अशा ठिकाणच्या महाविद्यालयांना सहज जमण्यासारखा आहे. त्याला मोठे अनुदान लागत नाही. विचारायचे प्रश्नही थोडे आहेत: तुमच्या काळात तुम्ही कोणाला मानत होता? का मानत होता? त्याच्याशी तुमची कुस्ती झाली होती काय? उत्तरे परस्परविरोधी येतील, त्यांत तालमींची वैरे डोकावतील, बढाया असतील. त्यांतून खरे-खोटे निवडणे हेच तर आपले शिक्षण आहे.

याला क्रीडा विभागाचे काम म्हणून बाजूला सारता येईल. तसे केले तर क्रीडा विभाग पदकांची यादी करील, कारण त्याच्याजवळ तेवढेच साधन आहे. माणसांनी माणसाला कसे मानले, कोणत्या शब्दांत मानले आणि त्या मानण्याला आधार काय होता, हा भाषेचा आणि मूल्यविचाराचा प्रश्न आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांनीच हाती घ्यावा लागेल. बिराजदारांच्या पिढीचे जोडीदार अजून बोलू शकतात. येत्या दहा वर्षांत त्यांच्याकडे कोणी गेले नाही, तर पुढल्या विद्यार्थ्याला या मल्लाविषयी जे वाचायला मिळेल ते या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाएवढेच असेल.